पॅड उखडलं, आता काय?

गेल्या अंकात अंगावरच्या स्थिर विजेबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोनच पत्रं आली. बाकीचा सगळा गठ्ठा इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचे बारीक पार्ट सोल्डर करून बदलताना झालेल्या अपघातांचा होता. त्यातली काही इथे घेतली आहेत. लांबलचक पत्रं मी छाटली आहेत, दुखणं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

ताई, माझ्या दहा वर्षं जुन्या सिंथेसायझरमधला सप्लायच्या लाइनवरचा एक कपॅसिटर शॉर्ट झाला होता, आकार ०६०३. बोर्ड नाजूक म्हणून सोल्डरिंग आयर्न मुद्दाम २८० अंशांवर ठेवलं, सुईसारखी बारीक टिप लावली आणि एकेक टोक तापवत चिमट्याने हळूहळू हलवत राहिलो. पाच-सात मिनिटांनी पार्ट निघाला, पण एका बाजूचं पॅडही सोबत घेऊन आला. एवढी काळजी घेऊनही असं का झालं? बोर्ड वाचेल का?

बोर्ड वाचेल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

घोळ त्या काळजीनेच केला आहे. बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी. त्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो, जाडी साधारण ३५ मायक्रॉन. पार्ट ज्यावर सोल्डर होतो तो त्याचा तुकडा म्हणजे पॅड, आणि वीज नेणारी त्याची रेघ म्हणजे ट्रॅक. नेहमीच्या एफआर-४ बोर्डातलं इपॉक्सी १३० ते १४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि पॅडची पकड सैल होते. आता दुसरा आकडा बघा. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले, त्यामुळे तुमच्या बोर्डावरचं सोल्डर जवळजवळ नक्कीच लेड-फ्री असणार. ते २१७ अंशांपर्यंत घट्टच राहतं. म्हणजे १४० ते २१७ या पट्ट्यात खालचा गोंद मऊ झालेला असतो आणि वरचं सोल्डर दगडासारखं असतं. या पट्ट्यात पार्ट हलवला की जोडातली सगळ्यात कच्ची जागा सुटणार, आणि ती जागा म्हणजे पॅड. तुम्ही पाच-सात मिनिटं नेमके तिथेच मुक्कामाला होतात.

'पण मी तर २८० ठेवलं होतं,' असं तुम्ही म्हणाल. ते तापमान टिपचं, जोडाचं नव्हे. कपॅसिटरचं एक टोक बहुतेक वेळा ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेलं असतं आणि ते तांबं उष्णता पिऊन टाकतं. त्यात टिप सुईसारखी. तिच्या टोकाचा जोडाशी संबंध येतो तो टाचणीच्या टोकाएवढा. उष्णता जाणार कुठून? बारीक कामाला बारीक टिप हा समज कुणी पसरवला देव जाणे, पण माझ्याकडे येणाऱ्या उखडलेल्या पॅडांपैकी निम्मी तरी त्याच्या नावावर जमा आहेत.

मीही या मार्गाने गेले आहे. शिकाऊ असताना एका कॅमेऱ्याच्या बोर्डावरचा गळका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढायचा होता. आयर्नची भीती वाटली, म्हणून तो चिमट्यात धरून पिळला. निघाला अगदी अलगद, मला वाटलं जमलं. भिंगाखाली धरला तर त्याच्या पायाला तांब्याचा पापुद्रा लटकत होता, माशाच्या खवल्यासारखा, आणि त्याला काचेचे दोन पांढरे धागे चिकटलेले. माझे वरिष्ठ काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या आयर्नची सुई-टिप काढून घेतली, छिन्नीसारखी रुंद टिप बसवून दिली आणि परत आपल्या टेबलावर जाऊन बसले. ती सुई-टिप त्यांनी मला कधीच परत दिली नाही.

आता काढायची रीत. बॅटरी असेल तर आधी ती सोडवा. पार्टच्या दोन्ही टोकांना फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचं द्रव्य, लावा, चांगलं भरपूर. नळाच्या पाइपांना लावायची पेस्ट नव्हे हं, तिच्यातलं आम्ल मागाहून ट्रॅक खाऊन टाकतं. मग दोन्ही टोकांवर ६३-३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) जुनं लेडवालं सोल्डर थोडं जास्तच चढवा. ते १८३ अंशांना वितळतं आणि लेड-फ्रीमध्ये मिसळलं की त्यालाही खाली आणतं. आयर्न ३५० वर. साधारण २.४ मिलिमीटर रुंदीची छिन्नी-टिप पार्टच्या कडेला आडवी टेकवा. ०६०३ ची लांबी १.६ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही टोकं एकदमच टिपखाली येतात. दोन-तीन सेकंदांत दोन्हीकडचं सोल्डर पाण्यासारखं चमकायला लागतं आणि पार्ट आपणहून सरकतो, कित्येकदा टिपलाच चिकटून वर येतो. चिमट्याचं काम फक्त सोबत करायचं. तो ओढावा लागतोय असं वाटलं तर एक टोक अजून वितळलेलं नाही असं समजा आणि थांबा. ग्राउंड फारच मोठं असेल तर हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, बोर्डाला खालून १०० अंशांच्या आसपास ऊब द्या, मग आयर्नला एवढं झगडावं लागत नाही.

पॅडवर उरलेलं सोल्डर विकने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, टिपताना विक घासू नका. फ्लक्स लावलेली विक पॅडवर ठेवा, वरून टिप टेकवा, सोल्डर विकमध्ये चढलं की दोन्ही एकत्र उचला. आयर्न आधी उचललं तर विक पॅडलाच सोल्डर होऊन बसते आणि ओढली की पुन्हा तोच खवला.

तुमच्या उखडलेल्या पॅडकडे येऊ. भिंगाखाली बघा, त्या पॅडमधून ट्रॅक कुठे जातो? जवळच असेल तर धारदार ब्लेड आडवं धरून त्या ट्रॅकवरचा हिरवा लेप दीड-दोन मिलिमीटर खरवडा. दाबून कापायचं नाही, पेन्सिलीचा डाग खोडावा तितक्याच जोराने. गुलाबी तांबं दिसलं की फ्लक्स लावून त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या. नवा कपॅसिटर शाबूत पॅडवर एका टोकाने बसवा. दुसऱ्या टोकापासून उघड्या ट्रॅकपर्यंत ०.१ मिलिमीटरची एनॅमलची तार जोडा. तारेचं एनॅमल ब्लेडने सोलत बसू नका. आयर्नवर सोल्डरचा गरम थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरा, सोल्डर होणारं एनॅमल असेल तर जळून जातं. तार जेवढी आखूड तेवढी बरी. मल्टिमीटरने कंटिन्युटी, म्हणजे जोड सलग आहे ना ते, पाहा आणि मगच तार व पार्ट दोन्हींवर यूव्ही मास्कचा (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या लेपाचा) किंवा इपॉक्सीचा ठिपका टाका. उलट क्रमाने केलंत तर चुकीचा जोड कायमचा पक्का होतो. मी केलेलं आहे, म्हणून सांगते.

तुमचा कपॅसिटर सप्लायच्या लाइनवरचा आहे, त्यामुळे तीन-चार मिलिमीटर तारेने काही बिघडत नाही. हेच पॅड यूएसबीच्या डेटा लाइनवरचं असतं तर मी इतक्या बेफिकिरीने सांगितलं नसतं.

ताई, ०६०३ चे रेझिस्टर मागवले. आले ते इतके बारीक की श्वासाने उडतात. पाकिटावर ०६०३ च लिहिलंय. फसवलं का?

फसवलं नाही, गल्लत झाली. या आकड्यांच्या दोन पद्धती आहेत, इंचांची आणि मिलिमीटरांची. इंचांतला ०६०३ म्हणजे १.६ गुणिले ०.८ मिलिमीटर, मिलिमीटरांच्या पद्धतीत त्याचंच नाव १६०८. मिलिमीटरांतला ०६०३ मात्र ०.६ गुणिले ०.३, म्हणजे इंचांतला ०२०१. तुमच्याकडे हा आला आहे. यापुढे मागवताना लांबी-रुंदी मिलिमीटरांत वाचा, कोडवर विसंबू नका. आलेले रेझिस्टर फेकू नका, कधीतरी लागतील. म्हणजे लागू नयेत अशीच माझी सदिच्छा आहे.

मॅडम, फोनच्या बोर्डावर चार्जिंगच्या भागातला एक कपॅसिटर हॉट एअरने बदलला. चार्जिंग सुरू झालं, पण आता समोरच्याला माझा आवाज जात नाही. माइकला तर मी हातही लावला नव्हता.

तुम्ही नसेल लावला, हवेने लावला. फोनमधला माइक म्हणजे सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो आणि आवाज आत येण्यासाठी त्याच्या डबीला, किंवा डबीखालच्या बोर्डाला, बारीक भोक असतं. हॉट एअरचा झोत त्या भोकात शिरला की पडदा जातो. वितळलेलं फ्लक्स आत गेलं तरी तोच परिणाम. काम झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने सढळ हाताने धुतला असेल तर तेही कारण असू शकतं. अल्ट्रासॉनिक टाकीत बुडवला असेल तर मात्र मला फार काही शोधावं लागणार नाही.

माइक बदलावाच लागेल. त्याची पॅडं पोटाखाली असतात, त्यामुळे तेही काम हॉट एअरचंच, फक्त या वेळी झोत मंद ठेवा आणि भोकावर थेट धरू नका. पुढच्या खेपेला सुरू करण्याआधी एक मिनिट बोर्डाकडे नुसतं बघत बसा. माइक कुठे आहे, प्लास्टिकचे कनेक्टर कुठे आहेत, शेजारी इलेक्ट्रोलिटिक आहे का. त्या सगळ्यांवर पिवळी पॉलिइमाइड टेप लावा. मी मोठ्या कनेक्टरांवर टेपच्या वर अॅल्युमिनियमची चिकटपट्टीही लावते. एकदा एका कनेक्टरचा मेणबत्तीसारखा ओघळ झालेला पाहिल्यापासूनची सवय आहे ती.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती: जुना कपॅसिटर मीटरवर ठीक दाखवला म्हणून शेजारच्या दुसऱ्या जागी तोच लावला. तो काढा. सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे मातीच्या कपासारखी वस्तू, अचानक तापवला किंवा बोर्ड वाकला की आत चीर जाते. बाहेरून काही दिसत नाही, मीटरलाही कळत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी ओल शिरते आणि तो शॉर्ट होतो. आकाराने मोठा तितका जास्त हळवा. म्हणून नवा बसवताना त्याच्या अंगाला टिप कधीच टेकवायची नाही, फक्त पॅडला आणि सोल्डरला. आणि एकदा काढलेला सिरॅमिक कपॅसिटर परत लावायचा नाही, या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

ताई, मी अकरावीत आहे. सोल्डर पेस्ट लावून हॉट एअरने रेझिस्टर बसवायला गेलो तर तो एका टोकावर उभाच राहिला! दोनदा झालं. का?

अरे, याला टूमस्टोन म्हणतात, थडग्यावरचा दगड. मोठमोठ्या कारखान्यांतही होतं, त्यामुळे लाजू नकोस. वितळलेल्या सोल्डरला पृष्ठताण असतो हे तू शिकला असशीलच. एका पॅडवरची पेस्ट आधी वितळली की ती पार्टचं ते टोक आपल्याकडे ओढून घेते. दुसऱ्या टोकाची पेस्ट अजून कोरडी, तिथे धरायला कुणी नाही, मग पार्ट सरळ उभा. तुझ्या फोटोत एका पॅडला जाड ट्रॅक आहे आणि दुसऱ्याला केसासारखा. जाड ट्रॅकवालं पॅड उशिरा तापणारच. नळी जरा वर धरून आधी सगळा भाग सावकाश तापव, मग झोत जाड ट्रॅकच्या बाजूला झुकव. पेस्टही दोन्हीकडे सारखी लाव. फोटोत उजवीकडे डोंगर आणि डावीकडे नुसता डाग दिसतोय.

गंमत म्हणजे हाच पृष्ठताण दोन्हीकडे एकदम लागला तर वाकडा ठेवलेला पार्टही स्वतःच सरळ होतो. एकदा मुद्दाम थोडा तिरका ठेवून भिंगातून बघ. पेस्ट करडी असते, कडेने ओली होत जाते, मग एकदम आरशासारखी होते आणि त्याच क्षणी पार्ट टुणकन जागेवर बसतो. मला अजूनही ते बघायला आवडतं.

जळालेल्या कपॅसिटरवर काहीच लिहिलेलं नाही. किंमत कशी ओळखायची? शेजारी तसाच दिसणारा आहे, तो बोर्डावरच मोजला तर चालेल का?

रेझिस्टर फारच बारीक नसेल तर त्यावर निदान काहीतरी छापलेलं असतं, १०३ किंवा ०१सी, दोन्हींचा अर्थ दहा किलोओहमच. सिरॅमिक कपॅसिटर मात्र मुका. बोर्डावर असताना मोजू नका, त्याला समांतर जोडलेले इतर दहा जण त्या आकड्यात मिसळतात. सारखा दिसणारा शेजारी सारख्याच किमतीचा असतो असंही नाही. सर्किटची आकृती मिळाली तर उत्तमच. नाही तर तसाच दुसरा चालू बोर्ड मिळवून त्याच जागचा पार्ट काढून मोजा, किंवा ज्या आयसीपाशी तो आहे तिच्या माहितीपत्रकातली नमुना आकृती बघा. बहुतेक कारखाने ती जवळजवळ तशीच उतरवतात.

व्होल्टेजमध्ये मात्र कंजूषी नको. एक्स५आर जातीचा बारीक सिरॅमिक कपॅसिटर त्याच्या कमाल व्होल्टेजच्या जवळ चालवला तर त्याची क्षमता निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. पाकिटावर दहा मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं आणि सर्किटला मिळतात चार. सी०जी जातीला हा आजार नाही, पण ती मोठ्या किमतींत सहसा मिळत नाही.

माझी चौदा वर्षांची मुलगी घरात सोल्डरिंग करते. शिशाचा धूर तिच्या छातीत जातो का?

शिसं उकळतं १७४९ अंशांना. ३५० अंशांच्या टिपवर त्याची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल. जो धूर दिसतो तो फ्लक्समधल्या राळेचा, आणि तोही निरुपद्रवी नाही, रोज नाकात गेला तर दमा लागू शकतो. लहान पंखा असा ठेवा की तो धूर तिच्या तोंडापासून दूर ओढून घेईल. शिसं पोटात जातं ते हातांवरून. काम संपलं की साबणाने हात धुवायचे, त्या टेबलावर खायचं नाही, सोल्डरचे तुकडे झाकणाच्या डबीत. आणि तिला माझा नमस्कार सांगा.

वय ६८. रेडिओदुरुस्तीत आयुष्य गेलं, पण आता हात कापतो. बारीक पार्ट सोडून द्यावेत का?

काका, सोडू नका. हात माझाही कापतो, तुमच्याइतका नसेल. मनगट गुंडाळलेल्या टॉवेलवर टेकवा आणि करंगळी बोर्डाच्या स्टँडला लावा, म्हणजे कापण्याचा सगळा जोर तिथेच मुरतो. साध्या भिंगाऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली काम करून बघा. माझा अनुभव असा की डोळ्याला थरथर मोठी दिसली की हात आपोआप सावरतो.

आणि एक अवजार घरीच करा. कडक स्टीलची तार घ्या, एक टोक जड वजनात पक्कं बसवा, दुसरं घासून टोकदार करा आणि बगळ्याच्या मानेसारखं वाकवा. चोच पार्टच्या पाठीवर टेकली की पार्ट जागचा हलत नाही आणि तुमचे दोन्ही हात मोकळे. एका पॅडवर आधीच थोडं सोल्डर घालून ठेवलेलं असेल तर आयर्न नुसतं टेकवायचं. मग दुसरं टोक, मग फ्लक्स लावून पहिलं टोक पुन्हा एकदा. थरथर सांभाळायला चोच आहे, तुम्ही फक्त उष्णता द्यायची.

चिमट्यातून उडालेला रेझिस्टर कुठे सापडतो?

सापडत नाही. पट्टीतला नवा घ्या. पण त्याआधी बोर्ड भिंगाखाली नीट फिरवून बघा, विशेषतः आयसींच्या पायांमधल्या फटी. जमिनीवर पडलेला कुणाचं काही बिघडवत नाही. दोन पायांमध्ये अडकून बसलेला मात्र पॉवर दिली की लगेच सापडतो.